जुन्या गाडीची बकेट सीट : कव्हरच्या आत काय दडलेलं असतं?

जुन्या गाडीचं इंजिन उघडायचं म्हटलं की मालक चार जाणकारांना विचारतो, पुस्तकं धुंडाळतो. सीटच्या वाट्याला एवढा विचार येत नाही. ‘फाटलंय ना, मग नवीन रेक्झिन चढवून द्या,’ एवढ्यावर काम सोपवलं जातं. खरं तर गाडी चालवताना आपलं अंग सर्वांत जास्त टेकलेलं असतं ते सीटलाच, आणि ऐकीव माहितीही तिच्याबद्दलच जास्त फिरते. तिची शहानिशा करायला फोर्ड मस्टँगचं उदाहरण सोयीचं आहे. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ही गाडी लोकांसमोर आली, तेव्हा पुढच्या दोन बकेट सीटसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नव्हते.

गैरसमज : जुनी नामवंत गाडी म्हणजे सीटला अस्सल चामडं हवंच.

सुरुवातीच्या मस्टँगच्या सीटला व्हायनिल होतं. आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो, त्याच जातीचं. १९६५ मध्ये आलेल्या खास अंतर्सजावटीत सीटच्या पाठीवर दौडणारे घोडे उमटवलेले होते, तेही व्हायनिलवरच. अशा गाडीला चामडं लावणं ही मालकाची हौस झाली. ती जरूर करावी, पण तिला ‘मूळ रूप’ म्हणू नये. ब्रिटिश गाड्यांना चामडं असायचं, हे खरं. तरी त्यातल्याही अनेक मॉडेलांत अंग टेकतं तेवढ्याच भागावर चामडं आणि कडेला, मागे चामड्यासारखं दिसणारं लेपाचं कापड, अशी विभागणी असे. मस्टँगच्या सीटवरचा घोड्यांचा तो ठसा साच्यात उष्णता आणि दाब देऊन उमटवलेला आहे, शिलाई मशीनवर तो निघत नाही. त्याच नमुन्याची तयार कव्हरं अमेरिकेत आजही बनतात आणि या कामी तीच घ्यावीत.

गैरसमज : कव्हर बदललं की सीट नवी झाली.

सर्वांत महागात पडणारा समज हाच. सीट गाडीतून काढून उलटी केली की खालच्या कडेला जाड तारेच्या छोट्या कड्या दिसतात. त्यांना हॉग रिंग म्हणतात. कव्हर ताणून सांगाड्याला बांधायचं काम या कड्या करतात. पक्कडीने त्या एकेक सोडवल्या की कव्हर सैल होतं. ते उलटं करून पाहिलं तर शिवणीलगत कापडाची अरुंद नळी आणि तिच्यात ओवलेली तार सापडते. सीटवरच्या खोलगट रेषा या तारेमुळेच उमटतात. नव्या कव्हरात हीच तार पुन्हा ओवायची असते आणि नेमकी तीच जुन्या कव्हराबरोबर भंगारात जाते.

कव्हराखाली फोम, फोमखाली गोणपाट, गोणपाटाखाली नागमोडी स्प्रिंगा. साठ वर्षं जुना फोम बोटांत धरून चोळला तर त्याचा पिवळट भुगा हातात येतो, कारण उष्णता, दमट हवा आणि हवेतला ऑक्सिजन यांनी पॉलियुरेथेनची वीण तुटत जाते. गोणपाट फाटलं असेल तर स्प्रिंगा थेट फोम कापत बसतात. एखादी स्प्रिंग तुटली की बसणारा एका कुशीला कलतो आणि कंबर धरते. हे सगळं तसंच ठेवून वर महागडं कव्हर चढवलं, तर काही महिन्यांतच खड्डा पडतो आणि दोष कारागिराला लागतो. म्हणून आधी सांगाड्याचा गंज घासून रंग द्यावा, जोडाशी तडा गेलाय का बघावं, स्प्रिंगा आणि गोणपाट नीट करावं, मग फोम, आणि सगळ्यात शेवटी कव्हर.

गैरसमज : चाळीस डेन्सिटीचा फोम म्हणजे कडक फोम.

दुकानात आपण ‘बत्तीसचा द्या’, ‘चाळीसचा द्या’ असं म्हणतो. हा आकडा वजनाचा आहे : एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. फोम कडक की मऊ, याचं मोजमाप वेगळं असतं. नमुना ठरावीक प्रमाणात दाबायला किती जोर लागतो, त्यावरून ते ठरतं. त्यामुळे चाळीस डेन्सिटीचा फोम मऊ असू शकतो आणि अठ्ठावीसचा कडक. डेन्सिटीवरून कळतं ते मुख्यतः फोम किती वर्षं टिकेल, हे. सीटसाठी दोन्ही विचारावं आणि अंगठ्याने दाबून न थांबता तुकड्यावर पाच मिनिटं बसून पाहावं.

जाडी वाढवली की आराम वाढतो, हाही याचाच भाऊबंद. दोन इंच जादा फोम घातला तर डोकं छताजवळ जातं, स्टिअरिंग मांडीला लागतं, पेडलवर पाय टाकायचा कोन बदलतो. शिवाय बकेट सीटच्या ज्या उंच कडा वळणावर अंग सावरून धरतात, त्यांचा उपयोगच उरत नाही. सोफ्याचा उरलेला फोमही गाडीत वापरू नये. गाडीच्या आतलं सामान मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये, असा नियम अमेरिकेने १९७२ पासून लागू केला. त्याआधीच्या गाडीला तो बंधनकारक नव्हता. पण आज नवा माल भरताना आग रोखणारा, वाहनांसाठीचाच फोम मागावा.

गैरसमज : सीटमध्ये काथ्या निघाला म्हणजे कोणीतरी स्वस्तात उरकलंय.

फोक्सवॅगन बीटल किंवा जुनी मर्सिडीज उघडल्यावर हे हमखास ऐकू येतं. नारळाचा काथ्या रबरात बसवून केलेले थर या जर्मन गाड्यांत कारखान्यातूनच येत. त्यांतून हवा खेळते, घाम आणि ओल साचत नाही. आपल्या कोकणच्या हवेत तर त्यांचं मोल जास्तच. ते धड असतील तर काढू नका.

गैरसमज : जवळजवळ टाके घातले की शिवण मजबूत.

कापडाला हे लागू पडेल, व्हायनिलला नाही. सुईचं प्रत्येक भोक कायमचं राहतं. भोकं दाट झाली की पोस्टाच्या तिकिटांच्या शीटसारखी शिवणीवरच फाटायची रेघ तयार होते. टाका लांब ठेवावा. धागा सुती नको, तो ओलीने कुजतो. उन्हात नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर जास्त टिकतो. कव्हरावर सुरकुती राहिली तर जोर लावून ओढू नये. व्हायनिल आधी उन्हात किंवा गरम हवेने मऊ करावं, मधल्या शिवणी जागेवर बसवाव्यात आणि मग कडांकडे जावं.

गैरसमज : खोबरेल तेल चोळलं की सीट मऊ राहते.

व्हायनिल मऊ असतं ते त्यात मिसळलेल्या रसायनामुळे. वर्षानुवर्षं तापून ते उडून जातं. काचेच्या आतून बसणारा चिकट थर बराचसा त्याचाच असतो. गेलेलं रसायन तेलाने परत येत नाही. गाडीतल्या बहुतेक चामड्यावरही रंगाचा लेप असतो, त्यामुळे तेल वरच राहून धूळ धरतं. ओलसर फडकं, सौम्य साबण आणि सावली एवढं पुरे.

गैरसमज : सीटचं काम केलं तर व्हिंटेज नोंदणी हातची जाईल.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेतल्या क्रमांकासाठी पात्र ठरते. मोठा फेरबदल म्हणून तिथे चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. मूळ नमुन्याप्रमाणे केलेली सीटची दुरुस्ती त्यात येत नाही.

मात्र मूळ कव्हर थोडं विटलेलं पण धड असेल, तर ते जपावं असंच मी सांगेन. उसवलेली शिवण त्याच भोकांतून पुन्हा घालता येते आणि आतला फोम बदलून तेच कव्हर परत चढवता येतं. बदलणं भागच असेल तर काम सुरू करण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढा. उसवलेलं जुनं कव्हर हाच कापणीचा नमुना असतो, ते काम संपेपर्यंत फेकू देऊ नका. आणि दोन्ही सीट एकदम उघडायला देऊ नका. एक पुरी होऊन गाडीत बसेपर्यंत दुसरी जशीच्या तशी राहू द्या, म्हणजे अडलं की कारागिराला बघायला ती समोर असेल.