आठ माणसे, चार पोती आणि एक जुनी गाडी

बैल घ्यायला निघालेले आमचे नाना बाजारात शिरल्यावर आधी बैलाकडे पाहतच नाहीत. ते बैल विकणाऱ्याच्या पायांकडे पाहतात. वहाणेला माती आहे का, माणूस शेतकरी आहे की हेडी, हे ताडून झाले की मग जनावराच्या तोंडात हात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग खांदा, मग खूर, आणि शेवटी बैल चालवून पाहायचा. एवढे झाल्यावर ते रुमालाखाली बोटे धरतात. नाना माझे धाकटे चुलते. वय पंच्याहत्तर. जुनी गाडी घ्यायचे ठरले तेव्हा त्यांना बरोबर न्यावे की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. मोटारीतले त्यांना काय कळते, असे मुलांचे म्हणणे. मी त्यांना नेले, आणि बरे झाले नेले.

गाडी हौस म्हणून घ्यायची नव्हती. आमची वस्ती भोकरदनपासून आडबाजूला शेतात आहे. डांबरी सडकेपासून आत साधारण तीन किलोमीटरची पाणंद, आणि जमीन काळी, भारी. आईचे डायलिसिस सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोनदा जालना गाठावे लागते. वाट राजूरवरून, जायला पन्नास-पंचावन्न किलोमीटर आणि यायला तितकेच. दोन वर्षांमागच्या श्रावणात एका पहाटे तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून सडकेपर्यंत आणले. वर ताडपत्री धरली होती. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी परत आल्यावर मात्र म्हणाली, "अरे, मला तेवढं ट्रॉलीत नको घालू पुन्हा."

तेव्हा गाडी हवी होती ती अशी : आईला आडवे नाही तरी नीट टेकून बसता यावे, पाणंदीत चालावी, आणि हंगामात मिरचीची चार पोती पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात टाकून यावी. खिशातले पैसे नव्या गाडीचे नव्हते.

गरज अशी मांडली की कोणीही एकच उत्तर देतो : डबल केबिन पिकअप. पुढे पाच माणसे, मागे हौदा. मलाही तेच पटले होते. आपल्याकडे हा प्रकार तसा नवा नाही. टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाइल आणली ती पिकअपच होती. पुढे महिंद्राची बोलेरो कॅम्पर आली आणि ती वीज मंडळापासून ठेकेदारापर्यंत सगळीकडे दिसू लागली. जालन्याला एका गाडीबाजारात अशीच एक पांढरी डबल केबिन उभी होती. आवाज स्वच्छ, हौद्याला नवा रंग, भाव बोलता येण्यासारखा. मी मनातल्या मनात मागे पोतीसुद्धा रचली.

नानांनी विचारले, "पाटी पिवळी काहून?"

प्रश्न अडाण्याचा वाटला, पण सगळा पेच तिथेच होता. ही गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली. तिला फिटनेसची तपासणी ठराविक काळाने करून घ्यावी लागते, हा खर्चाचा भाग झाला. मोठा भाग विम्याचा. मालवाहू गाडीत मालाबरोबर मालाचा मालक किंवा त्याचा माणूस असेल तर १९९४ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने त्याला विम्याचे संरक्षण मिळाले. पण फुकट बसवून नेलेल्या बाकीच्यांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये बलजित कौर खटल्यात स्पष्ट सांगितले, की मालवाहू वाहनातून असे जाणाऱ्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. म्हणजे ती गाडीमालकावर येते. आमच्या ओळखीचे एक वकील भोकरदनच्या कोर्टात असतात. त्यांना विचारले तर म्हणाले, "केबिनमधल्या माणसांवर वाद घालता येईल, पण निकाल लागेपर्यंत जमीन अडकलेली राहील. आणि हौद्यात माणूस बसला असेल तर वाद घालायलाही माझ्याकडे येऊ नका."

आपल्याकडे हौद्यात माणूस बसत नाही असे होते का? लग्नसराईत सिल्लोडच्या रस्त्यावर संध्याकाळी उभे राहा. पिकअपमध्ये वऱ्हाड उभे असते, करवल्या फाळक्याला धरून, मधोमध एखादी म्हातारी खुर्चीवर. अंगारकीला राजूरच्या गणपतीला, किंवा जाळीच्या देवाला जाताना तेच. मी स्वतः असा गेलो आहे. आणि मला माझे घर ठाऊक आहे : हौदा असता तर तो भरला असता. आज पोती, उद्या पोरे.

खासगी पाटीवर नोंदवता येणारी पिकअपही मिळते. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ पासून तशी विकली गेली, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली. चारही चाकांना जोर, डौल तर विचारू नका. पण व्ही-क्रॉस सव्वापाच मीटरहून लांब. आमच्या पाणंदीला विहिरीपाशी जो काटकोन आहे तिथे ती वळवायची तर शेजाऱ्याची तूर मोडावी लागेल, आणि शेजारी भावकीतला आहे. जुनीची किंमतही आमच्या आवाक्याबाहेर. तो विषय तिथेच संपला.

चार चाकांच्या जोराबद्दल मात्र थोडे सांगायला हवे, कारण 'फोर बाय फोर' म्हटले की सगळे प्रश्न सुटले असे तरुण मंडळींना वाटते. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओली असताना ती टायरच्या खाचांत अशी भरते की दहा पावलांत टायर गुळगुळीत होतो. मग दोन चाके फिरली काय आणि चार फिरली काय. नानांच्या शब्दांत, "दोनाच्या जागी चार रुतू राह्यले, दुसरं काय!" मुरमाड माळावर, नदीच्या वाळूत, चढावर फोर बाय फोरचा उपयोग आहेच. साध्या गाडीचे डिफरन्शियल जे चाक घसरते त्यालाच जोर देत बसते, म्हणून एक चाक खड्ड्यात फिरत राहते आणि दुसरे ढिम्म उभे. त्यावर बोलेरो निओच्या एका प्रकारात आपोआप अडकणारे डिफरन्शियल दिले आहे. ती गाडी २०२१ नंतरची, म्हणून जुनीही महाग. आम्ही हिशोब केला : त्या फरकाच्या पैशात पाणंदीच्या वाईट तुकड्यावर मुरमाच्या बऱ्याच ट्रॉल्या पडतात.

असो. मग सुमो पाहिली. सुमंत मुळगावकरांच्या नावावरून नाव पडलेली ही गाडी १९९४ मध्ये आली आणि मराठवाड्यातल्या एका पिढीचे सगळे विवाह, सगळ्या निवडणुका तिच्यात पार पडल्या. विकणारा म्हणाला, "डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड." जुन्या गाड्यांच्या बाजारात डॉक्टरांखेरीज कोणी गाडी घेतलेलीच नसते, हे माझ्या आता लक्षात आले आहे. मीटर साठ हजार दाखवत होते आणि क्लचच्या पायपट्टीचे रबर झिजून आतले लोखंड चमकत होते. मुलाने मोबाइलवर एम-परिवहन उघडले. मालक तिसरा. कर्जाचा बोजा तसाच. विकणारा म्हणाला, कर्ज केव्हाच फिटले आहे. फिटले असेलही, पण कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय बोजा उतरत नाही, आणि बोजा असलेली गाडी नावावर होत नाही. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असताना आपण जमीन घेऊ का? शिवाय गाडीला पंधरा वर्षे भरायला अवघे काही महिने राहिले होते. त्यानंतर पुनर्नोंदणी, तपासणी, पर्यावरण कर. आणि सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झालेले. जड मनाने परतलो.

शेवटी गाडी मिळाली ती बाजारात नाही. तालुक्यातल्याच एका निवृत्त गुरुजींची बोलेरो, २०१७ ची. नानांनी सवयीप्रमाणे गुरुजींच्या पायांकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

आमचे मिस्तरी म्हणाले होते, सकाळी सहाला जाऊ आणि आधी फोन करायचा नाही. गेल्या गेल्या त्यांनी बोनेटवर तळहात ठेवला. गार. विकणारे गाडी आधीच तापवून ठेवतात, म्हणजे गार इंजिनाची कुरकुर ऐकू येत नाही. मग चावी. धुराकडे पाहत राहिले. काळा असेल तर डिझेल जास्त जळते, निळा असेल तर ऑइल जळते, पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत जाते आहे. इथे सुरुवातीला थोडा पांढरा निघाला आणि विरला. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढले. भपका आला असता तर रिंगा गेल्या असे समजायचे, आला नाही. मग मिस्तरी पोते अंथरून गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. चेसीवर कुठे वेल्डिंग आहे का, ताजा काळा रंग मारला आहे का, पाटे बसले आहेत का. (नुसत्या खालच्या बाजूला नवा रंग असला तर तो कशासाठी, हे विचारावेच.) एका पाट्याला चीर होती. टायर छान दिसत होते, पण बाजूवर चार आकडे असतात ते मिस्तरींनी वाचायला लावले : २३१७, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. खाचा शिल्लक, पण रबर म्हातारे. जालन्याजवळून समृद्धी महामार्ग जातो; त्या काँक्रीटवर भर उन्हात असे टायर घेऊन शंभरच्या वेगाने जाणे म्हणजे मरणाला बोलावणे. चारही बदलायचे, हे तिथेच ठरले.

इंजिनाबद्दल मिस्तरींचे मत जरा वेगळे होते. त्यांना २००० साली आलेली पहिली बोलेरो अजून आवडते, झाडाखाली खोलून झाडाखालीच जोडता येणारी. ही कॉमन रेलची. बिघडली तर संगणक लावावा लागतो आणि इंजेक्टर महाग. तरीही त्याहून नवी, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ घेऊ नका, असे त्यांनी आम्हाला बजावले. तिच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते. ती जाळून साफ व्हायला गाडी अधूनमधून सडकेवर सलग पळावी लागते. नुसती शेत ते गाव, दुसऱ्या गिअरमध्ये फिरवली तर जाळी तुंबते. आमची गाडी आठवड्यातून दोनदा जालन्याला जाणार, हे मी त्यांना सांगितले. ते थोडे थांबून म्हणाले, "मग तुम्हाला चालली असती. पण बजेटात बसत नाही ना?" बसत नव्हते.

भाव ठरला, पण गुरुजी चावी देईनात. "आधी नावावर करा." बहुतेक जण टीटी फॉर्मवर सह्या घेतात आणि गाडी वर्षानुवर्षे जुन्याच मालकाच्या नावावर हाकतात. गुरुजींनी वर्तमानपत्रात वाचून ठेवले होते, की सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे ठरवले. गाडी विकली असे सांगून भरपाईतून सुटका नाही. "मी पेन्शनवर आहे, मला हे झेपायचं नाही." फॉर्म २९, फॉर्म ३०, विमा चौदा दिवसांच्या आत नव्या नावावर करण्याचा अर्ज, आणि दोन जुनी ई-चलाने, जी गुरुजींनी खाली मान घालून भरली. जालन्याच्या एमएच-२१ चीच गाडी असल्याने दुसऱ्या जिल्ह्याच्या ना-हरकतीची भानगड नव्हती.

खरी लढाई घरी झाली. मागच्या समोरासमोरच्या दोन बाकड्यांना पट्टे नाहीत. आडवे बसलेले पोर ब्रेक लागताच कुठे फेकले जाईल याचा नेम नाही. मी जाहीर केले की मागे माणूस बसणार नाही. बाकडी वर दुमडायची आणि तिथे पोती. म्हणजे घरात माणसे आठ आणि गाडीत जागा पाच. सूनबाई काही बोलली नाही. बायको म्हणाली, "मग राजूरला दोन खेपा करणार का?" नाना तर उसळलेच : "काळीपिवळीत सतरा जण बसत व्हते, ड्रायव्हर एक पाय बाहेर ठेवून चालवू राह्यला व्हता!" ते खरेच होते. त्या काळ्यापिवळ्या जीपांनी मराठवाडा हलता ठेवला, मीही त्यांच्या मागच्या फळीवर लोंबकळत कॉलेजला गेलो. त्यातल्या एका जीपने माझ्या वर्गातला एक मुलगा नेला, हे नानांनाही आठवत होते. मी ते बोललो नाही. तेही पुढे बोलले नाहीत.

या तालुक्याला रस्त्याची काळजी काही आजची नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथल्या दात्यांची नावे सांची आणि भारहूतच्या लेखांत आहेत. १९७३ च्या उत्खननात इथे हस्तिदंती मूर्ती सापडली, पॉम्पेईला मिळालेल्या मूर्तीशी साम्य असलेली. दोन हजार वर्षांपूर्वी केळना ओलांडून बाहेरगावी माल नेणाऱ्या गाड्यांची चाके याच मातीत रुतली असतील, आणि कुणीतरी गाडीवानावर ओरडलेही असेल.

गाडी येऊन वर्ष झाले. चिरलेला पाटा, चार टायर, क्लच आणि स्टिअरिंगची ढिलाई काढायला मिस्तरींनी सांगितले होते त्याहून थोडा जास्तच खर्च आला. आई पुढच्या सीटवर बसते, पाठीला उशी घेऊन. मिरचीची पोती चार नाही, तीनच बसतात. मुरूम टाकलेल्या तुकड्यावर गाडी पावसातही येते, पण विहिरीपासून वस्तीपर्यंतचे पाचशे-सहाशे मीटर अजून तसेच आहेत. शेत-पाणंद रस्त्यांच्या योजनेत तो तुकडा लागावा म्हणून अर्ज केला आहे. तोवर जून ते सप्टेंबर गाडी विहिरीपाशी, भावकीच्याच शेडात उभी असते. आईला तिथपर्यंत आम्ही खुर्चीवर बसवून नेतो, पुढे मी आणि मागे मुलगा. नाना बॅटरी घेऊन पुढे चालतात आणि खड्डा आला की थांबून सांगतात.