घाटाचें भय आणि सपाटीचें

नागपूरच्या गांधीबागेंत कापडाचीं दुकानें उघडण्यापूर्वीं आणि हातगाड्यांची रेटारेट सुरू होण्यापूर्वीं पहाटेची जी शांत घटका असते, त्या घटकेस सायकलीवरून शहराबाहेर पडण्याची हौस हल्लीं सुशिक्षित घरांतील मुलामुलींस लागली आहे. हौस चांगली आहे. परंतु सातपुड्याच्या बाजूस जाण्याचा बेत निघाला कीं घरांत वादास तोंड फुटतें. आजोबा घाटाचें नांव काढतात, आजीच्या डोळ्यांपुढें वाघ उभा राहतो आणि आई कांहीं न बोलतां काळजी करीत बसते. या भयाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. काळजी ही एकत्र कुटुंबाची पुंजीच होय. मात्र ती चुकीच्या जागीं खर्च होऊं नये, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

घाटाचा चढ दिसण्यांत भयंकर असतो. प्रत्यक्षांत त्यावर सायकल ताशीं ८-१० किलोमीटरांच्या वेगानें चालते. स्वार दमला तर खालीं उतरून चालूं लागतो. फार तर पाय दुखतात. खरी परीक्षा माथा गांठल्यानंतर होते. उतारावर वेग ताशीं १५ किलोमीटरांवरून ४५ वर गेला, म्हणजे तिप्पट झाला, तर सायकलीच्या अंगचा जोर तिप्पट नव्हे, नऊपट होतो. आणि ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारें अंतरही त्याच मानानें वाढतें. म्हणून वेग कमी करावयाचा तो वळणांत नव्हे, वळण येण्यापूर्वीं. दोन्ही ब्रेक थोडथोडे दाबावे व सोडावे. चाकाच्या कडेवर एकसारखा दाबून ठेवलेला ब्रेक ती कड इतकी तापवितो कीं आंतील ट्यूब फुटण्याचा संभव असतो.

गीअरची सायकल घेणें म्हणजे अंगचोरपणा, असाही एक समज जुन्या मंडळींत आढळतो. तो केवळ आपल्याकडचाच नाहीं. फ्रान्समधील 'टूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ सालीं सुरू झाली आणि १९१० सालीं ती पिरेनीज पर्वताच्या उंच घाटांतून नेण्यांत आली. तरी साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या गीअरास तेथें १९३७ सालापर्यंत मज्जाव होता. या समजुतीविरुद्ध झगडणारे पॉल द व्हिव्ही नांवाचे गृहस्थ सँ-एत्येन शहरीं होऊन गेले. 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें ते लिहीत. भूक लागण्यापूर्वीं खावें आणि तहान लागण्यापूर्वीं प्यावें, हा त्यांचा उपदेश आजही सायकलस्वारांच्या तोंडीं आहे. या पुरुषानें आयुष्यभर डोंगरवाटा तुडविल्या. मृत्यु मात्र त्यांस १९३० सालीं आपल्याच शहराच्या रस्त्यावर ट्रामचा धक्का लागून आला. भय कोठें बाळगावें, याचा याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां आपल्याकडील वाटा पाहूं. पहिला धडा रामटेकचा घ्यावा. गांधीबागेपासून इंदोरा, कामठी, कन्हान व मनसर या मार्गानें हें अंतर सुमारें ५० किलोमीटर भरतें. कामठीपाशीं जी कन्हान नदी लागते ती सातपुड्यांतूनच उतरून येते. मनसरला उत्खननांत वाकाटकांच्या काळचे अवशेष सांपडले आहेत. रामटेक म्हणजेच 'मेघदूता'तील रामगिरि, असें प्रतिपादन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं केलें होतें; मेघास जेथून वाट सांगितली गेली, तेथें आपणही वाटेचा अभ्यास करावा हें उचितच. गडाचा चढ लहान असल्यानें नवशिक्यास सोसण्यासारखा आहे. कसोटी लागते ती मनसरपर्यंतच्या सपाट रस्त्याची. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा ४४ क्रमांकाचा हा महामार्ग अवजड मालमोटारींनीं गजबजलेला असतो. तेथें डाव्या कडेनें, एकामागें एक असें चालावें, मागें तांबडा दिवा लावावा आणि अंधार पडण्यापूर्वीं घर गांठावें.

दुसरी वाट छिंदवाड्याची. सावनेर, सौंसर, रामाकोना आणि मग सिलेवानी घाट, असा हा सुमारें १२५ किलोमीटरांचा पल्ला आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारें ३१० मीटरांवर, तर छिंदवाडा पावणेसातशें मीटरांच्या आसपास आहे. म्हणजे चढ आहे, पण तो पुष्कळ अंतरावर विभागलेला आहे. सौंसर मध्यप्रदेशांत असलें तरी तेथें मराठी बोलली जाते, संत्र्यांच्या बागा आहेत, आणि २०२३ सालीं तो भाग नव्या पांढुर्णा जिल्ह्यांत गेला. तेथें मुक्काम करून दुसऱ्या दिवशीं घाट चढणें शहाणपणाचें. या मार्गावरील छोट्या रुळांची जुनी गाडी २०१५ सालीं बंद होऊन तेथें रुंद रूळ आले आहेत. पाय थकल्यास आगगाडीनें इतवारीस परततां येतें, आणि इतवारी म्हणजे गांधीबागेचा शेजारच.

तिसरी वाट पाय तयार झाल्यावरची. परतवाड्याहून धामणगांव गढीमार्गें चिखलदऱ्यास जातांना सुमारें ३० किलोमीटरांत सातशें मीटरांहून अधिक उंची चढावी लागते. माथ्यावर १,११८ मीटर उंचीचें गांव, कॉफीचे मळे आणि गाविलगड किल्ला आहे. हा किल्ला इंग्रजांनीं १८०३ च्या डिसेंबरांत घेतला. हा प्रदेश मेळघाटच्या अरण्याचा असल्यानें सूर्योदयापूर्वीं व सूर्यास्तानंतर तेथें सायकल चालवूं नये. आजीच्या वाघाचें समाधान एवढ्या एका नियमानें पुष्कळसें होतें.

वाघाहून आमच्या भागांत ऊन अधिक क्रूर आहे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. म्हणून ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळच या सफरींस योग्य. घाईचेंही कारण नाहीं. 'ब्रेव्हे' नांवाच्या लांब पल्ल्याच्या ज्या फेऱ्या जगभर चालतात, त्यांत २०० किलोमीटरांस साडेतेरा तास दिलेले असतात. म्हणजे विश्रांति धरून ताशीं १५ किलोमीटर चाललें तरी पुरें.

या तयारीनें माणूस कोठवर जाऊं शकतो हें आपल्याच लोकांनीं दाखविलें आहे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत १२ दिवसांच्या आंत एकट्यानें पुरी केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनीं २०१८ सालीं सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. मुलास परवानगी आणि मुलीस नकार, असा भेद करणाऱ्या घरांनीं हें दुसरें उदाहरण अवश्य ध्यानांत घ्यावें. आमचें म्हणणें साहसाच्या स्तुतीचें नाहीं. साहस आणि बेफिकिरी यांतील अंतर घरांतच शिकविलें जातें, आणि जें घर नुसतेंच "जाऊं नको" म्हणतें त्याला तें शिकवितां येत नाहीं. अशा घरचीं मुलें न सांगतां जातात, आणि मग वाटेचा सल्ला देणारें कोणीच उरत नाहीं.

तेव्हां पुढील वेळीं घरांत असा बेत निघाल्यास वडिलांनीं घाट किती मोठा हें न विचारतां ब्रेक तपासले कां, मागचा दिवा लागतो कां, डोक्यास हेल्मेट आहे कां, पाणी किती घेतलें आणि दुपारपूर्वीं कोठें पोंचणार, हें विचारावें. उत्तरें समाधानकारक आलीं तर दशम्यांचा डबा बांधून द्यावा. न आलीं, तर रामटेकसुद्धां दूर आहे असें खुशाल सांगावें.