निळाईचा उगम भट्टीत

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं लेलँड हे लेक मिशिगनच्या काठचं छोटंसं गाव. तिथे किनाऱ्यावर फिरणाऱ्यांच्या माना खालीच असतात. करड्या गोट्यांच्या पसाऱ्यात मधूनच एखादा निळा तुकडा दिसतो. कधी आकाशी, कधी हिरवट, क्वचित जांभळट. दागिने घडवणारे तो चांदीत जडवतात आणि ‘लेलँड ब्लू’ या नावानं विकतात.

तुकडा उन्हात धरून न्याहाळला की शंका येते. घावनाला पडते तशी बारीक जाळी, आणि फुटलेली कड थेट काचेसारखी. जाळी म्हणजे अडकलेल्या वायूचे बुडबुडे. बुडबुड्यांची भोकं सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही सापडतात, पण त्याला ही काचेची चकाकी आणि निळाई कुठून असणार?

हा मुळी निसर्गाचा दगडच नव्हे. १८७० च्या सुमारास लेलँडमध्ये लोखंड गाळण्याची भट्टी पेटली. खनिज जहाजानं यायचं, कोळसा आसपासच्या जंगलातल्या लाकडाचा. वितळलेल्या लोखंडावर तरंगणारी मळी काढून टाकायची, थिजली की फोडायची आणि तळ्यात लोटून द्यायची. पंधराएक वर्षांत हा उद्योग बंद पडला. लाटांनी मात्र मळीचे कोपरे घासत ठेवले. थोडक्यात, लोक हौसेनं गळ्यात घालतात तो कारखान्याचा कचरा!

उत्तरेकडच्या लेक सुपीरियरच्या काठी तांबडे, पट्ट्यापट्ट्यांचे अकीक मिळतात. त्यांचा रंग लोखंडाचा, पण दगड अस्सल. सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातल्या पोकळ्यांत तयार झालेला. दख्खनच्या लाव्हातला अकीकही असाच घडला, फक्त तो लाव्हा वयानं बराच धाकटा, साडेसहा कोटी वर्षांचा. अकीक ओळखायला चाकूचं पातं पुरतं. दगडावर ओरखडा उठत नाही, उलट पात्याचीच करडी रेघ उमटते.

मिशिगनच्या किनाऱ्यावरचा सर्वांत फसवा दगड म्हणजे पेटोस्की. रंगानं अगदी सामान्य, चुनखडीसारखा करडा, आणि आहेही चुनखडीच. चाकूनं सहज ओरखडतो. त्याच्यावर पाणी शिंपडलं की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी उमटते. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथल्या उबदार समुद्रात वाढलेल्या प्रवाळाची ती घरं. १९६५ साली मिशिगननं त्याला राज्याचा दगड ठरवलं. खिशातून घरी आणेपर्यंत तो वाळतो आणि नक्षी पुन्हा गडप होते. मग हौशी मंडळी पॉलिशपेपर घेऊन त्याला घासत बसतात.