गाडीचं स्टिअरिंग थरथरतंय? गॅरेजला जाण्याआधी हे तपासा

शहरात गाडी एकदम मस्त चालते, पण पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर काटा ८० च्या पुढे गेला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं. टायरच्या दुकानात जाऊन मी फक्त "व्हायब्रेशन येतंय" एवढंच सांगितलं. त्यांनी अलाइनमेंट केली आणि बिल हातात दिलं. दुसऱ्या दिवशी एक्सप्रेसवेवर थरथर तशीच!

यात थोडी चूक माझीही होती. थरथर कधी येते, हे मी सांगितलंच नव्हतं. आणि अर्धं निदान तर त्या "कधी" मध्येच असतं.

अलाइनमेंट वेगळी, बॅलन्सिंग वेगळं

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले तर गाडी एका बाजूला खेचते, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं, टायर एकाच कडेने झिजतो. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन गोलाकार सगळीकडे सारखं आहे का, हे बघणं. ठरावीक वेगाला येणाऱ्या थरथरीचा संबंध बहुतेक वेळा बॅलन्सिंगशी असतो, पण गॅरेजमध्ये दोन्ही नावं एका दमात घेतली जातात आणि आपण मान डोलावतो.

तुम्ही म्हणाल, रिमला चिकटवलेल्या त्या छोट्याशा शिशाच्या पट्टीने काय फरक पडणार? हिशोब करून बघू. १५ इंची रिमच्या कडेचं २० ग्रॅम वजन पडलं असं समजा. ९० च्या वेगाला ते चाक सेकंदाला जवळजवळ १३ वेळा फिरतं, आणि त्या २० ग्रॅमच्या फरकामुळे चाकाला सुमारे अडीच किलो वजनाइतका हिसका बसतो. तोही प्रत्येक फेऱ्याला! वेग निम्मा केला की हा हिसका निम्मा नाही, पाव होतो. म्हणून शहरात ४५ ने जाताना काहीच जाणवत नाही.

पावसाळ्यात अजून एक गंमत होते. कच्च्या रस्त्यावरचा चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो, वाळतो आणि वजनाचं काम करतो. त्यामुळे आधी चाकं आतून पाण्याच्या प्रेशरने धुऊन घ्या. कधीकधी तेवढ्यानेच काम होतं.

थरथर कधी येते?

फक्त ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग हलत असेल, तर चाकं सोडा, पुढच्या ब्रेक डिस्क बघा. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही की पॅड तिच्यावर उड्या मारतात. खंडाळ्याचा किंवा वरंध्याचा घाट उतरताना हे जास्त कळतं. डिस्क लेथवर सपाट करता येते, पण तिच्यावर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या खाली जात असेल तर नवीनच टाका. (एकदम जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली पेडल धडधडलं, तर घाबरू नका, ते एबीएसचं काम आहे.)

अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर थरथर आणि पाय काढला की बंद, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट तपासायला सांगा. सिग्नलला उभ्या गाडीत थरथर असेल तर चाकांचा संबंधच नाही, इंजिन किंवा त्याचे माउंट बघावे लागतील. आणि गाडी महिनाभर उभी होती, पहिले काही किलोमीटर थरथरली आणि मग शांत झाली, तर टायर एका जागी चपटा झाला होता एवढंच.

आता जरा गंभीर. ३०-४० च्या वेगालाच स्टिअरिंग डावी-उजवी डुलत असेल, तर लगेच बाजूला थांबा. चाकाचे नट ढिले आहेत का, टायरला फुगा आलाय का, रिम वाकलाय का, हे आधी बघा. नुकतंच पंक्चर काढलं असेल तर नटांवर पहिला संशय. फुगा आलेल्या टायरच्या आतले धागे तुटलेले असतात, तो हायवेवर फुटू शकतो. असा टायर दुरुस्त होत नाही, कोणी "चालेल की" म्हणालं तरी स्टेपनी लावा.

मोबाइलने तपासा

फायफॉक्स नावाचं फ्री अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं. शोधताना पी-एच-वाय-पी-एच-ओ-एक्स असं स्पेलिंग टाका. त्यात अ‍ॅक्सिलरेशन स्पेक्ट्रम उघडा आणि फोन डॅशबोर्डवर डबल टेपने सपाट बसवा. होल्डरमध्ये नको, तो स्वतःच हलतो. अ‍ॅप शेजारी बसलेल्याने चालवायचं, ड्रायव्हरने अजिबात नाही.

साध्या हॅचबॅकच्या १४-१५ इंची चाकांसाठी सोपी युक्ती म्हणजे वेगाला ७ ने भागा. ९० ला साधारण १३ हर्ट्झ, ७० ला १०. ग्राफमधला सुळका याच आकड्यांवर दिसला आणि वेगाबरोबर सरकला, तर दोष फिरणाऱ्या चाकात, टायरमध्ये किंवा हबमध्ये आहे. एकाच जागी ठाम उभा असेल तर कारण दुसरं काहीतरी.

कोणतं चाक हे कळायला फुकटचा उपाय आहे. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर शक्यतो पुढची चाकं, सीटखाली असेल तर मागची. पुढची चाकं त्याच बाजूला मागे टाका. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली, की गुन्हेगार सापडला. नट मात्र समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

बॅलन्सिंग करताना मशीनजवळ उभे राहा. रिम वाकडा असेल तर फिरताना डोळ्यांना दिसतो, आणि मग कितीही वजनं चिकटवली तरी थरथर जाणार नाही.

माझ्या गाडीत शेवटी काय निघालं? पुढच्या डाव्या रिमवर आतल्या बाजूला फक्त गोंदाचा काळा चौकोन होता. पट्टी कधीतरी गाडी धुताना निघून गेली असावी. दहा मिनिटांचं काम होतं.