टाचणीवरची डोंगरी माशी

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत सिर्टोपोगॉन विलिस्टोनी नावाची रॉबर फ्लाय राहते. किडा पकडायचा, सोंड खुपसून आत लाळ सोडायची आणि विरघळलेलं मांस शोषून घ्यायचं, ही तिची शिकारीची तऱ्हा. कीटकशास्त्रज्ञ करन यांनी १९२२ मध्ये तिचं वर्णन केलं. नाव दिलं सॅम्युअल विलिस्टन यांचं. माश्यांइतकेच ते जीवाश्मांतही रमलेले.

मला मात्र संग्रहालयातल्या नमुन्यांखालच्या चिठ्ठ्या फार आवडतात! इवल्याशा कागदावर ठिकाण, तारीख, उंची आणि गोळा करणाऱ्याचं नाव. माशी भक्ष्यासकट सापडली असेल, तर तो किडाही पुष्कळदा त्याच टाचणीला लावलेला असतो. म्हणजे तिचं शेवटचं जेवण काय होतं, हे शंभर वर्षांनीही कळतं.

डोंगरी जातीच्या बाबतीत उंचीची नोंद म्हणजे सोनंच. जुन्या चिठ्ठ्यांवर बरेचदा नुसतं पायथ्याचं गाव असतं. माशी कुठल्या चढावर धरली, कोण जाणे. उंची लिहिलेली असली की आज त्याच जागी जाऊन ही जात अजून तिथंच आहे की वर सरकली, हे तपासता येतं. आकडा फुटांत आहे की मीटरमध्ये, तेवढं आधी बघा.