लहान तसबीर, मोठी भिंत

भिंत शोभिवंत करावयाची म्हणजे मोठें चित्र विकत आणावयाचें, असा समज घरोघरीं रूढ आहे. आणि चौकटीसह त्याची किंमत ऐकली, कीं तो बेत तेथेंच राहतो. वस्तुतः चित्राचा मोठेपणा त्याच्या मापावर जितका, तितकाच भोवतीं मोकळ्या सोडलेल्या जागेवर अवलंबून असतो.

पुष्कळ कुटुंबांत पणजीचें एकुलतें एक छायाचित्र असतें. तळहाताएवढें, कडांना पिवळें पडलेलें. दहा फुटी भिंतीवर तें टपालाच्या तिकिटासारखें दिसतें. मग मुलें म्हणतात, ‘मोठें करून घेऊं, नाहीं तर काढून ठेवूं.’ मोठें केलें तर नाकडोळे धूसर होतात, आणि ते यंत्राकडून रेखून घेतले तर भिंतीवर येते ती भलतीच कोणी बाई! काढून ठेवलें, तर नातवंडांना ती मुळींच ठाऊक होत नाहीं.

तिसरा मार्ग स्वस्त आहे. चित्र ४ इंच रुंद व ६ इंच उंच असेल, तर भोवतीं जाड पांढऱ्या पुठ्ठ्याचा रुंद समास (व्याकरणांतला नव्हे, वहींतला!) सोडावा. चौकटवाले यास ‘माउंट’ म्हणतात. दोहों बाजूंस व वर ५ इंच, खालीं मात्र ६. कारण दृष्टीला मध्य खऱ्या मध्याहून किंचित् वर भासतो, आणि वरचा-खालचा समास सारखा ठेवला तर चित्र घसरल्यासारखें वाटतें. चौकट १४ इंच रुंद व १७ इंच उंच होते. पुठ्ठ्यास खिडकी कापून चित्र पाठीमागें बसविलें, कीं तें कांचेला टेंकत नाहीं, हा दुसरा लाभ. पावसाळ्यांत कांचेला चिकटलेलें छायाचित्र ओढूं गेल्यास त्याचा थर कांचेवरच राहतो. गोंद लावूं नये. कोपरे कागदाच्या लहान खोळींत अडकवावे. पुठ्ठा आम्लरहित मागावा, नाहीं तर कालांतरानें त्याचा डाग चित्रावर उतरतो. याहूनहि बरें म्हणजे, मूळ चित्र पेटींत ठेवून त्याच मापाची प्रत टांगावी.

आतां उठावाविषयीं. पालघरकडील वारली स्त्रिया गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें काडीसारखीं माणसें काढतात, आणि तीं अंगणांतूनहि स्पष्ट दिसतात. तें सामर्थ्य पार्श्वभूमीचें. पांढऱ्या भिंतीवर पांढरा समास हरवतो, म्हणून चौकटीमागें वीतभर मोठा गेरूचा चौकोन रंगवावा. रविवर्म्याच्या छापील तसबिरींवर जुन्या काळीं घरच्या बायका जर व टिकल्या लावीत. तो उद्योग छायाचित्रावर मात्र करूं नये.

तसबीर छताजवळ टांगण्याची आपली खोड सोडावी. तिचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांच्या सुमारास असावा. मंडळी सतरंजीवर बसत असतील, तर आणखी खालीं. लहान तसबिरी अनेक असल्यास दोन-दोन बोटांच्या अंतरानें एकत्र लावाव्या. आणि ज्या भिंतीवर ऊन येतें, ती घड्याळाला द्यावी.