पावसाचा आकडा मावेना तेव्हा

माथेरान समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब ९२,००० पास्कलच्या आसपास असतो. सेन्सरचे कच्चे मोजमाप वाचून त्याचा आकडा करणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. त्याने हा दाब १६ बिटांच्या जागेत ठेवला, तर हाती येतात फक्त २६,४६४. त्या जागेत ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावतच नाही. जुन्या स्कूटरच्या मीटरसारखी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. इतका कमी दाब सुमारे दहा किलोमीटर उंचीवर असतो. म्हणजे यंत्राच्या हिशेबी माथेरान एव्हरेस्टच्याही वर गेले. प्रोग्रामर याला इंटिजर ओव्हरफ्लो म्हणतात.

ही चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. पावसाच्या मोजणीतली भरत नाही, आणि खरी काळजी तिचीच आहे.

स्वयंचलित पर्जन्यमापकात दोन कप्प्यांचे छोटे भांडे असते. ठरावीक पाणी साचले की ते कलते, रिकामे होते आणि एक नोंद पाठवते. एका कलण्याला ०.२ मिलिमीटर पाऊस धरू. यंत्रातल्या स्वस्त कंट्रोलर चिपवर अपूर्णांक टाळायचे म्हणून हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात करतात. प्रत्येक नोंदीला २० ने गुणायचे. आता २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा पाऊस अशा यंत्रावर पडला तर ४,७२० नोंदी होतील. हा आकडा १६ बिटांत आरामात बसतो. पण २० ने गुणल्यावर ९४,४०० होतात, ते बसत नाहीत. पडद्यावर दिसेल २८८.६४ मिलिमीटर.

कोकणात २८८ मिलिमीटर पाऊस कोणालाही खरा वाटेल, त्यावर शंका घेणार कोण? २००५ च्या त्याच जुलैच्या पावसाने नेरळ-माथेरान रेल्वेमार्ग उखडला. गाडी पुन्हा धावायला २००७ उजाडले. खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. अशा डोंगरउतारावरच्या वस्तीला कधी हलवायचे, हे ठरवताना पावसाचा आकडा हाताशी लागतो. तो गुपचूप दोनतृतीयांशाने घटलेला असेल, तर बंद पडलेले यंत्र त्यापेक्षा बरे. ते निदान फसवत नाही.

दुरुस्ती अवघड नाही, पण क्रम चुकवून चालत नाही. उत्तरासाठी ३२ बिटांची जागा दिली की झाले, असे पुष्कळांना वाटते. पण लहान कंट्रोलरवर गुणाकार आधी १६ बिटांतच होतो आणि बिघडलेले उत्तर मग मोठ्या जागेत जाऊन बसते. म्हणून गुणण्याआधीच नोंदींचा आकडा ३२ बिटांचा करावा लागतो. लिनक्स या संगणकप्रणालीच्या तापमान-व्होल्टेज पाहणाऱ्या ड्रायव्हरांतही हाच दोष सापडत आला आहे: वापरणाऱ्याने धोक्याची मर्यादा म्हणून अवाढव्य आकडा दिला, ड्रायव्हरने आधी गणित केले आणि तो आकडा मावतो का हे नंतर तपासले. तपासणी आधी आणून आकडा मावेल इतका खाली आणला की दोष जातो. प्रत्यक्ष मोजमाप मात्र मर्यादेत कोंबून बसवू नये, असे माझे ठाम मत आहे. तिथे ‘वाचन अवैध’ असेच कळवावे.

४ जून १९९६ रोजी एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले, तेही १६ बिटांत न मावलेल्या एका आकड्यामुळे. तो प्रोग्राम एरियान-४ चा होता. त्या रॉकेटवर आकडा कधी तेवढा वाढणार नाही, म्हणून त्याची तपासणी वगळली होती.

कर्जत-खालापूरच्या शाळा-महाविद्यालयांत कोणी पर्जन्यमापक बनवत असाल, तर एवढे करा: छपरावर चढवण्याआधी त्याच्या प्रोग्रामला ४,७२० नोंदी द्या आणि ९४४ येतात का ते पाहा.